पालथी ताटली

बुलहेड सिटी,
मंगळवार, ११ मार्च

प्रिय शार्लीन,

तू मजेत असशील असं लिहायची रीत आहे, पण आज सकाळी तू मजेत नव्हतीस हे मी डोळ्यांनी पाहिलंय. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, मांजर म्हातारं झालंय, वाऱ्याने अंगणभर वाळू आणून टाकलीय. वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, चालवून घे.

कॅसिनोत नाश्त्याला तुझ्या टेबलावर येऊन बसलेली आणि तुझ्या नवऱ्याची अंडी खाऊन टाकणारी ती आगाऊ म्हातारी मीच. मी नोरीन, ड्वेनची पहिली बायको. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तू इतक्या प्रेमाने मीठ पुढे केलंस की जीभ रेटेना.

तुझ्यावर पाळत ठेवायला आले नव्हते. घटस्फोटानंतर मी तिथे पाऊलच टाकलं नव्हतं. मैत्रीण व्हेल्माला आज सत्तर पूर्ण झाली. वाढदिवसाला तिथे दोघांना नाश्ता फुकट मिळतो, आणि फुकट म्हटलं की व्हेल्मा कबरीतूनही उठून येईल. ती ऑम्लेटच्या रांगेत उभी राहिली, मी बशीत चार आलुबुखार घेऊन वळले, तर खिडकीपाशी तू. पुढ्यात दोन ताटल्या, त्यातल्या एकीवर तिसरी पालथी घातलेली. नवऱ्याचं गरम राहावं म्हणून. अशी ताटली मी कितीतरी वर्षं झाकलीय.

कॉफी ओतणारी ओफेलिया कानाशी लागली. "ड्वेनची नवी. अगदी तुझ्यासारखीच बसते गं, दाराकडे तोंड करून. बघवत नाही."

मग मी आले. "बसू का?" विचारलं, तर तू म्हणालीस, "बसा ना, ते येतीलच एवढ्यात." मी ताटली उघडली. अंडी गारढोण, पावासारख्या बिस्किटावरच्या ग्रेव्हीला साय आलेली. "टाकून द्यायचं म्हणजे पाप," म्हणत मी खायला लागले आणि तू खुदकन हसलीस. मग तुझी लेक टेस, तिचं पहिलं बाळंतपण, त्यासाठी परवा व्हायचं असलेलं ऑपरेशन, टेबलाखालची बॅग, दाराशी उभी असलेली विमानतळाची व्हॅन, सगळं सांगितलंस.

"अगं, मग ऊठ ना!" मी म्हटलं.

"निरोप न घेता कशी जाऊ? पाच मिनिटांत येतो म्हणालेत."

"मी बघून येते. दिसतो कसा?"

"उंच आहेत. निळी टोपी. आणि हसले की देखणे दिसतात." मला हसू आलं. खोटं नाही ते.

परत येऊन मी तुला सांगितलं, "शेवटचा डाव चाललाय, येतोच म्हणाला. भेटूनच जा." तू बसलीस आणि व्हॅन गेली. तुझा चेहरा बघवेना म्हणून व्हेल्माला घेऊन मी तिथून सटकले. केकही अर्धाच राहिला, त्यावरून ती दिवसभर मला बोलतेय.

शार्लीन, डाव वगैरे काही चालला नव्हता. तो जुगाराच्या एका बंद मशीनसमोर बसला होता, हात मांडीवर ठेवून. फार वाळलाय गं. मला बघून दचकला.

"नोरी? तू इथे?"

"बायको वाट बघतेय तुझी. गाडी दारात आहे तिची."

"माहितेय."

"मग ऊठ की, मेल्या!"

"गाडी जाऊ दे." खाली बघतच म्हणाला, "एकदा लेकीकडे गेली की ती परत यायची नाही. तूही आली नाहीस."

माझं चुकलं ते इथे. इतकी वर्षं वाटत होतं, मी गेले तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं असेल. तो माझी वाट बघत होता हे ऐकलं आणि मी विरघळले, बावळटासारखी. त्याची दया आली, आणि लाज वाटते लिहायला, पण बरंही वाटलं. तेवढ्या बऱ्या वाटण्यापायी मी तुझ्याशी खोटं बोलले. त्याच्या बाजूने. तिकडे तुझी लेक एकटी.

तेव्हा ऐक. उद्या दुपारच्या विमानात जागा आहे, मी फोन करून विचारलंय. हे पत्र आत्ता तुमच्या पेटीत टाकतेय. पत्ता शोधावा लागला नाही, त्या घरात माझं अर्धं आयुष्य गेलंय. उद्या सकाळी सातला माझी पांढरी गाडी फाटकाशी असेल. हॉर्न वाजवणार नाही. तुला थेट लास व्हेगासच्या विमानतळावर सोडते. वाटेत बोललं पाहिजे असं काही नाही. शिव्या द्याव्याशा वाटल्या तर दे.

तो म्हणेल, थांब, मी सोडतो. रडेलही, आणि खरंच रडेल, नाटक नसेल ते. त्याला जवळ घे, खुशाल घे, पण बॅग हातातली खाली ठेवू नकोस.

परत यायचं की नाही ते तिकडे नातवंड मांडीवर घेऊन ठरव. त्याला विचारू नकोस. मलाही नको, माझं उत्तर आता भरवशाचं राहिलेलं नाही.

तुझ्याआधीची,
नोरीन