संकल्पातला पत्ता

पेण, रामवाडी. ३ जानेवारी

आलो एकदाचे. टेम्पोतून भांड्यांपेक्षा पुस्तकांची खोकी जास्त उतरली, तेव्हा घरमालक पोपटरावांनी मी मास्तर आहे का, अशी चौकशी केली. वर्तमानपत्राचा वार्ताहर आहे, संस्कृत नुसतं शिकलेलो आहे, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "मंग काय उपयोग नाय," आणि खोकं डोक्यावर घेऊन जिना चढले. माणूस सरळ दिसतो. विमलबाईंनी ओटीवर वाळत घातलेले पोह्याचे पापड बाजूला सारून आम्हाला बसायला जागा केली आणि दोनदा चहा दिला. या वयात बदली म्हणजे शिक्षा असते, असं ऐकून होतो. शिक्षा अशी असेल तर मी आणखी गुन्हे करायला तयार आहे.

मृणाली खूश आहे. ही माझी भाची, अनिताची मुलगी. मागची खोली तिला दिली. खिडकीतून वालाची शेतं दिसतात. पण तिने आधी खिडकीची कडी ओढून पाहिली आणि मग शेतं. हरेशच्या घरातून ती निघाली त्याला पाच महिने होतील. आमचे जावईबापू मारताना आवाजही चढवत नसत, त्यामुळे नाशकात त्यांची ख्याती सज्जन अशीच आहे. कोर्टाच्या जिन्यात त्याने तिला हळूच सांगितलं होतं की कुठंही जा, मी येईन. म्हणून सगळ्या नातेवाइकांच्या लेखी मृणाली बंगळुरूला कंपनीत नोकरी करते. खरं काय ते अनिताला ठाऊक आणि मला. मी स्वतःहून पेण मागितलं तेव्हा संपादकांना वाटलं, मला वैराग्य आलं. वाटू दे.

पेण. ८ जानेवारी

मृणालीला जवळच्या जोहे गावातल्या एका गणपती कारखान्यात काम मिळालं. मालक महिपती. त्यांनी तिच्यापुढे एक मूर्ती ठेवली, हातात कुंचला दिला आणि डोळे काढायला सांगितले. याला इथे आखणी म्हणतात, आणि ती जमली तरच माणूस कामाचा. तिने काढले. महिपती जरा वेळ बघत राहिले नि म्हणाले, "उद्यापासून ये गो." आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. जेवताना तिने हे मला दोनदा सांगितलं.

मला मात्र ऑफिसने नवी हजेरी लावली आहे. फोनमध्ये एक ॲप. आमच्या वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर जिल्ह्याचा नकाशा, त्यावर प्रत्येक वार्ताहराचा ठिपका, ठिपक्यात त्याचा फोटो. 'आपला वार्ताहर आत्ता कुठे आहे' हे वाचकाला घरबसल्या कळावं, ही योजना. म्हणजे माझी मिशी भोगावती नदी ओलांडते तेव्हा अख्खा रायगड ती पाहू शकतो. ऑफिसातल्या आदेशला म्हटलं, बाबा रे, अंतर्यामी असण्याचं काम परमेश्वराकडेच राहू दे. तो म्हणाला, "काका, रजा टाकली की बंद होतं ते." बरं आहे. परमेश्वर तेवढीही सवलत देत नाही.

पेण. १८ जानेवारी

पोपटरावांच्या शेतावर पोपटी झाली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, आणि आमच्या सोवळ्याचा मान राखून एका कोपऱ्यात नुसते बटाटे. मडकं उपडं घालून भोवती जाळ. पोपटरावांची मुलगी दिशा सगळ्यांचा फोटो काढायला निघाली, तर मृणालीने झटकन फोन आपल्याकडे घेतला आणि म्हणाली, मीच काढते. फार सराईतपणे केलं. मग शेंगा सोलताना विमलबाईंनी तिला काहीतरी सांगितलं आणि ती हसली. हे हसणं मी तिच्या लग्नाआधी ऐकलं होतं.

पेण. २५ जानेवारी

आज उदकशांत झाली. नव्या घरात एकदा करून घे, असा अनिताचा लकडा होता. आमच्या घरचे गुरुजी नाशिकला. ते हल्ली फोनवरूनच सांगतात, आणि यजमानांच्या नातलगांनाही पुण्य मिळावं म्हणून सगळं आपल्या चॅनेलवर थेट दाखवतात. मी फोनचा कॅमेरा माझ्यावर आणि कलशावर रोखला. मृणाली चौकटीबाहेर बसली. इथवर खबरदारी चोख.

मग संकल्प. कर्त्याने देवाला सांगायचं असतं की मी कोण, कुठे, केव्हा, कुणासाठी हे करतो आहे. ठिकाण कळवण्याची सोय आपल्या पूर्वजांनी फार आधी करून ठेवलेली. गुरुजी सवयीने मंत्रात गोदावरीच्या दक्षिण तीरावर जाऊन बसले. मी थांबवलं. ते म्हणाले, पोथीत 'अमुक ग्रामे', 'अमुक नाम्नी' अशी सोय असते, तसंच म्हणून पुढे जाऊ. मी म्हणालो, अमुक हे आळशी यजमानांसाठी. आणि खणखणीत आवाजात स्वतःच सांगितलं: भोगावत्याः तीरे, पेणनगरे, रामवाडी, कौशिक गोत्रातल्या मृणाली नावाच्या माझ्या भगिनीकन्येच्या रक्षणार्थ. एकही विभक्ती चुकली नाही. गुरुजी वाहवा म्हणाले.

नंतर मृणालीने एवढंच विचारलं, "मामा, देवाला इतका पत्ता लागतो?" मी म्हटलं, अगं, बघतं कोण ते, तुझी आई आणि गुरुजींची आत्या.

पेण. २८ जानेवारी

ओटीवर एक नारळ होता. लाल कापडात बांधलेला, कुंकू लावलेला. सोबत चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात: भोगावत्याः तीरे, पेणनगरे, रामवाडी. माझाच संकल्प, माझ्याच शब्दांत. फक्त एक दुरुस्ती. 'कौशिक' वर काट मारून 'वत्स' केलं होतं.

वत्स हे हरेशचं गोत्र. लग्नानंतर बाईचं गोत्र नवऱ्याचं. म्हणजे शास्त्राने त्याची दुरुस्ती बरोबर आहे. आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या. माझी चूक काढणारा हा भेटला.

विमलबाई म्हणाल्या, माणूस फार गरीब स्वभावाचा होता. पापडांवरून उडी मारून न जाता वळसा घालून आला, पाया पडला. काही विचारलं का? "नाय बा. त्याला सगला ठावाच होता."

गुरुजींना फोन केला. त्यांनी व्हिडिओ लगेच काढून टाकला, आणि अपराधी आवाजात सांगितलं की एका भाविकाने फोन करून संकल्प शब्दशः लिहून घेतला होता. दक्षिणाही पाठवली होती. मृणालीच्या वकीलबाईंच्या सांगण्यावरून पोलिसांत तक्रार दिली. ठाण्यातल्या माणसाने नीट ऐकून लिहून घेतली. नारळ पुरावा म्हणून पुढे ढकलला, तेव्हा तो कसा नोंदवायचा हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला.

मृणालीने घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या कड्या ओढून पाहिल्या. त्यापेक्षा मला बोलली असती तर बरं.

पेण. २९ जानेवारी

महिपतींनी निरोप धाडला, पोरीला उद्या पाठवू नका. काल एक गिऱ्हाईक आलं होतं. गोड बोलणारं. त्याने रंग न दिलेला, पांढरा, डोळे न काढलेला गणपती मागितला. महिपती म्हणाले, आखणी करून देतो की. तो म्हणाला, "डोळे घरी करून घेईन. घरात येतात एकीला."

दमलो. भीतीने माणूस इतका दमतो हे माहीत नव्हतं.

रोहा. ३० जानेवारी

पोपटरावांना काही न सांगता निघालो. मृणालीने आपला फोन तिथेच तांदळाच्या डब्यात पुरला. रजेचा अर्ज टाकला. म्हणजे ठिपकाही रजेवर.

फ्लोराबाईंकडे उतरलो आहोत. कोकणातल्या ज्यू घरांवर मी कधीकाळी लिहिलं होतं, तेव्हाची ओळख. मुलगा जोशुआ, सून, नातवंडं, सगळी इस्रायलला. या एकट्या राहिल्या. दारात उभं राहून कारण सांगायला लागलो तर म्हणाल्या, "भाषण नंतर कर. पोरीला आत घे." आज शुक्रवार, त्यांनी दिवे लावले. मृणाली ज्योतीकडे बघत बसली होती. फ्लोराबाई तिला म्हणाल्या, "इथं कोण येणार गो? माझी माणसंसुद्धा येत नाय."

अमुक गाव. १ फेब्रुवारी

फ्लोराबाईंच्या घरासमोर करडी गाडी. सकाळपासून.

आत हरेश. पुढच्या काचेशी तो पांढरा गणपती, डोळे नसलेला, तोंड आमच्या दाराकडे. मी गॅलरीत आलो तसा त्याने दोन्ही हात जोडले.

कसं कळलं? अनिताला सांगितलं नाही. गुरुजींना नाही. पोपटरावांना नाही. इथे मी संकल्पही केला नाही —

फ्लोराबाईंनी पोलिसांना फोन केला. दोघे आले. त्याने गाडीचे कागद दाखवले, हसून गाडी हलवली. ते गेले. तो परत.

दिवसभर तो घराकडे फार कमी बघतो. मांडीवरच्या फोनमध्ये बघतो. कंटाळला असेल, असं मी म्हणालो. मृणाली म्हणाली, तो कंटाळत नाही.

२ फेब्रुवारी, सकाळ

मृणाली गेली. मागच्या दाराने, फ्लोराबाईंची साडी नेसून, डोक्यावर पदर. कुठे जाते ते सांगितलं नाही. मी विचारलं. तर माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "नको, मामा. तुम्हाला कळलं की तुम्ही कुणाला तरी ते नीट, शुद्ध सांगाल." हसत म्हणाली. खरं आहे. या वेळी तिचं गाव अमुकच राहू दे.

पण फोनशिवाय पोर. कुठे अडली तर? ती घेणार नाही म्हणून माझाच फोन तिच्या पिशवीत सरकवला, भाकऱ्यांच्या खाली. वाटेत वाजून तिला आत्ताच कळायला नको, म्हणून मुका करून. रात्री पिशवी उपसेल तेव्हा सापडेल. फ्लोराबाईंच्या घरच्या फोनवर लावेल.

हे एक काम तरी नीट झालं.

दुपार

आम्ही दोघं मुद्दाम गॅलरीत बसलो आहोत. दोरीवर मृणालीची ओढणी वाळत टाकली. तो समोर आहे तोवर ती सुखरूप. फ्लोराबाई म्हणतात, बसू दे मेल्याला, उन्हात शिजू दे.

तो फोन बघतोय.

थोड्या वेळाने

गेला.

फोनवरून मान वर केली, ओढणीकडे पाहिलं, हसला. मला नमस्कार. गाडी सुरू केली आणि गेला. काही विचारलं नाही. दार वाजवलं नाही. घाईही नाही —

फ्लोराबाई म्हणाल्या, सुटलो. म्हणाल्या, आता तरी तुमच्या पेपरात काय आलंय ते बघू. जोशुआने दिलेला टॅब त्यांनी उघडला. पान उघडलं. पानावर नकाशा.

ठिपका रजेवर नाही. कधीच नव्हता. अर्ज टाकला, मंजुरी पाहिलीच नाही. पेण, रोहा, हे घर, सगळा रस्ता —

माझी मिशी पुढे सरकते आहे. रोह्याच्या बाहेर, एका रस्त्याने, थांबत, पुन्हा सरकत. एसटी असेल. ती खिडकीशी बसली असेल, भाकऱ्या मांडीवर —

फ्लोराबाई घरच्या फोनवरून माझा नंबर फिरवतायत. रिंग जाते आहे. उचल गो. जाते आहे. तिला ऐकू येणार नाही, मीच तो मुका करून —