धाकटीने आखलेली होडी

प्रिय धाकटे,

तुझ्या पत्रात तू एकच प्रश्न विचारलास, "माझं कुठे चुकलं?", आणि नऊ दिवस मी त्याचं उत्तर सोडून बाकी सगळं लिहिते आणि फाडते आहे. आज पत्र टाकायचंच असं ठरवलंय.

किनारा तसाच आहे. ओहोटीला होड्या वाळूवर कुशीवर कलंडून पडतात, निळ्या-पिवळ्या, जशा दमलेल्या बायका. आपल्या शेडमधला लाकडाचा भुसा अजून पायाला चिकटून थेट घरात येतो. बाबांचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत.

तू आलीस त्या दिवशी नव्या होडीचा नुसता सांगाडा उभा होता. तू वही काढलीस, पुढचं टोक चार बोटं उचललं तर लाट नीट कापेल म्हणालीस. बाबांनी चहा संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "बरं, तसं करू." बस्स, एवढंच. एकोणीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे. पाच वर्षांपूर्वी मी हेच सांगितलं होतं. माझ्याकडे वही नव्हती, हवेत बोटाने रेघ ओढून दाखवली होती. तेव्हा म्हणाले, "तू फटी बुजव. तुझा हात त्यात बसलाय."

तू चार दिवस राहून गेलीस. पुढे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा सांगत होते, "आकार धाकटीचा हं!" टपालवाल्यालासुद्धा. त्या बिचाऱ्याला पाण्याची भीती, पण तो मान डोलवायचा. आणि मी होडीखाली उताणी पडून फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकत होते. तेल डोळ्यांत गळायचं. तेव्हा वाटायचं, तुझं सगळं दिसतं आणि माझं सगळं झाकलं जातं.

लोक म्हणतात, तुझ्यासाठी मी शाळा सोडली. साफ खोटं. मला शेडच आवडायची. तुझं शिक्षण, तुझं शहर, तुझी स्वच्छ नखं, यातलं काही मला नको होतं गं. मला फक्त बाबांच्या तोंडचं ते "बरं, तसं करू" हवं होतं. ते तुला कपभर चहात मिळालं.

होडी पाण्यात उतरली तेव्हा काय देखणी दिसली! तिसऱ्या फेरीला तिच्यात पाणी भरलं. जिच्यासाठी पैसे मोजले तो होडीवाला आणि त्याचे दोघे भाऊ डब्या-डब्याने पाणी उपसत कसेबसे परतले. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "कागदावरची होडी कागदावरच तरंगते." तेव्हापासून ते तुझा फोन घेत नाहीत. खरं सांगू? ते वाक्य ऐकून मला क्षणभर गोड वाटलं. मग होडीवाल्याच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे लक्ष गेलं.

तू लिहिलंस, आकडेमोड तीनदा तपासली, चूक सापडत नाही, म्हणून जहाजांच्या कारखान्यातली नवी नोकरी नाकारते आहेस. नाकारू नकोस. तुझ्या आकड्यांत चूक नाहीच. डाव्या अंगाची हातभर फट मी मुद्दाम कापूस न ठोकता कोरडी सोडली आणि ती दिसू नये म्हणून वरून लांबीचा लेप फासला. थोडं पाणी झिरपेल, तुझी फजिती होईल, एवढंच मनात होतं. समुद्र एवढ्यावर कुठला थांबतोय? काल सकाळी बाबांना सांगितलं. ते स्वतः होडीखाली शिरले, फट बुजवली, मला हात लावू दिला नाही. मग मला घेऊन होडीवाल्याकडे गेले आणि त्यालाही सगळं सांगायला लावलं. तो म्हणाला, "माझ्या भावांना पोरंबाळं आहेत, ताई." आज होडी पुन्हा गेली आणि कोरडी परतली. बाबा तुला लगेच फोन लावणार होते; मी आठवडा मागून घेतला, कारण हे तुला माझ्याच अक्षरात कळायला हवं. तुझा हेवा अजून पुरता गेलेला नाही, तेही लपवत नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण ती नोकरी घे.

तुझीच,
तुझ्यावर जळणारी ताई