माय, आहेस का

३ ऑगस्ट १९८७
सानगडीहून भंडाऱ्याले आली. लेकाले, टेकचंदले, कचेरीत कंप्यूटरची नोकरी लागली. क्वार्टर झकास, नळ घरात. सून चंद्रकांता गुणाची. भाजीत तेल मात्र असं ओतते, जसं का बापाची घाणीच आहे. दूधवाली जनाबाई दारात डबा आपटते, शेजारची मालनबाई ‘अवो मायबाई’ करत घुसते. करमते मले.

७ ऑगस्ट
टेकचंदले इचारलं, दिवसभर काय खुडबुड करतं बाबू? म्हणे, सी भाषेतला जुना प्रोग्राम आहे, कितीक जणांनी लिहिलेला. कुठंही शिरण्याआधी यंत्रानं पाहावं लागते, आत कोणी आहे का. ओ आली तर आत, नाही तर माघारी. हे जो तो आपल्या तऱ्हेनं लिहून गेला. आता तो एकच शब्द बांधून राहिला, म्याक्रो. जुनं खोडून जागोजागी तोच लावायचा. नाव, तो घरी आला का दारातून जी हाक देते, तिचं ठेवलं: ‘माय, आहेस का’.
मी म्हटलं, हाक न्यारी असते म्हणून माणूस ओळखू येते रे. तो हासला.

१२ ऑगस्ट
आज डबा आपटला नाही. दारातून आवाज आला, माय, आहेस का. आवाज टेकचंदचा. उघडलं, तर जनाबाई. घसा बसला का बाई, म्हटलं. दूध मापून भरभर निघून गेली.

१५ ऑगस्ट
मालनबाईही तशीच. तीच हाक, तोच आवाज. टेकचंदले सांगितलं. म्हणे, अर्धं काम झालं माय.

१९ ऑगस्ट
न्हाणीतून हाक आली — माय, आहेस का. आत चंद्रकांता, तोंडावर हात दाबून रडून राहिली. सासूले ती ‘मामी’ म्हणते.
गावात पहिल्या हाकेले ओ देत नाहीत, न जाणो भूत असेल. आता मी कोणालेच देत नाही.

२१ ऑगस्ट
दुपारी हाक. गप बसली. पावलं माघारी गेली. खिडकीतून पाहिलं — टेकचंदची पाठ. खराच टेकचंद. जेवाले आला होता. ओरडली, वळला नाही. ओ नाही तर माघारी — तोही —

२२ ऑगस्ट
आला नाही. सून कचेरीत जाऊन आली. म्हणतात, सारं बदललं, एकच जागा राहिली म्हणून काल दुपारी घरी निघाला.
एक जागा — या घरात —

२३
दारात हाक. तो असेल. नसेलही. गप बसली तर लेक पुन्हा जाईल. मरो भूत, देते ओ —
तोंड उघडलं. ओ निघेना. माझ्या तोंडून, त्याच्याच आवाजात — माय, आहे