भिंतीले डिंक्या लागला

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा! रिसोडहून अकोला, मग नागपूर, तिथून पॅसेंजरनं पांढुर्णा. सौंसरच्या बसमध्ये बसलो तर दोन्ही अंगाले संत्र्याचे बगीचेच बगीचे. विद्यापीठाचं नवं आवार रोडले लागूनच आहे. आपलं काम पोरींच्या होस्टेलात, पुट्टी अन् रंग. शाळा सातवीत सोडली, पुणे सोडलं, सुरत सोडलं. इथं मात्र जमते असं वाटून राहिलं. कारण गुणवंतामिस्त्री. पांढुर्ण्याचा आहे. आल्या आल्या डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढं सरकवली अन् म्हणे, "खाय बाबू, उपाशी माणसाची पुट्टीबी उपाशीच दिसते." शिवी न देता काम शिकवणारा मिस्त्री मी पहिल्यांदा पाहून राहिलो. पुट्टी ओढाची अन् खरवडाची लोखंडी पट्टी कशी तिरपी धराची, ते माझा हात हातात धरून दाखवते.

९ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरची शेवटची खोली. काल पांढरीफट केलेली भिंत आज बुडाशी पाझरून राहिली. पाणी नाही. भुरे, जाड थेंब. बोट लावलं तर तार निघाली. वास आधी गोड, सडलेल्या संत्र्यासारखा, अन् त्याच्या मागून मेलेल्या उंदराचा. थेंबात माश्या फसल्या होत्या, पाय हलवून राहिल्या होत्या. बोट पँटले पुसलं, आता पँटच फेकावीशी वाटते.

११ फेब्रुवारी

भिंतींवर पाणी मारणारी केसरबाई याच जागेवरच्या बगीच्यात राबलेली. तिनं पाहिल्याबरोबर नाकाले पदर लावला. म्हणे, हा तर डिंक्या, झाडाले लागते तो रोग. बुडाची साल सडते अन् डिंक गळते. सगळा बगीचा त्यानंच बसला. असे झाडं जाळा लागते. ठेकेदारानं जेसीबीनं उपटून या होस्टेलच्याच पायाच्या खड्ड्यात लोटले, वरून मुरूम टाकला.

मिस्त्री हसला. "मंग इलाजबी झाडाचाच करू ना, मावशी!" मोरचूद अन् चुन्याची निळी पेस्ट कालवली. सडकी साल खरवडाची, खाली जित्तं लाकूड लागेपर्यंत, मग पेस्ट लावाची. घरच्या झाडांले तो असंच करते. मी इचारलं, भिंतीत जित्तं काय लागणार? म्हणे, "तू खरवड ना बे, वकील!"

१४ फेब्रुवारी

जितकं खरवडलं तितकं वाढलं. प्लास्टरखालच्या विटा गुळाच्या भेलीसारख्या नरम झाल्या, पट्टी आत घुसते. डिंक मिस्त्रीच्या बोटांत गेला. साबण झाला, रॉकेल झालं, निघत नाही. जेवताना भाकर बोटाले चिकटली. तो भाकरीसंगं ती तार ओढून ओढून खाऊन राहिला. मी बाहेर जाऊन ओकलो.

१७ फेब्रुवारी

मिस्त्रीच्या मनगटाची साल फाटली. हो, सालच. रक्त नाही, भुरा थेंब. त्यावर मुंगळे. सौंसरच्या दवाखान्यात चाल म्हणून मी हात जोडले. ठेकेदार म्हणे दोन दिवसांत उद्घाटन आहे. मिस्त्री म्हणे एवढी खोली उरकून जातो. आजवर कुठलं काम सोडताना मले मागं पाहावं लागलं नाही. पण याले असं टाकून कसा जाऊ?

१९ फेब्रुवारी

जेवाले आला नाही. त्याच खोलीत सापडला, भिंतीले पाठ लावून बसलेला. उठवाले गेलो तर उठेच ना. पाठ कुठं सरते अन् भिंत कुठं लागते, समजत नाही. दोन्हीच्या मधात तोच डिंक. डोळ्यांवर माश्या, तरी पापणी हालत नाही. मले पाहून हसला. दातांतही तारा. म्हणे, "बाबू, खरवड. मले सोडव."

१९, दुपार

केसरबाईनं पाहिलं, उंबऱ्यातच ओकली, माणसं आणाले रोडकडे पळाली. आली नाही अजून. ठेकेदाराले फोन केला तर म्हणे पाहुणे येऊन राहिले, दार लावून घे.

लावलं. खांद्यापासून सुरू केलं. साल निघते. रक्त नाही. खाली मऊ, भुरं, ओलं — वास — नाकाले फडकं बांधलं तरी —

तो म्हणते दुखत नाही. जित्तं लागेपर्यंत थांबू नको म्हणते.

१९

हात पुसून लिहून राहिलो. पेन चिकटते.

खांदा झाला. छाती झाली. जित्तं नाही. अजून खोल — मिस्त्री, तुमाले जित्तं कुठं लागत नाही — म्हणे लागन, लागन, पट्टी तिरपी धर —

आत्ता पट्टीले कडक लागलं. हाड वाटलं. वाकून पाहिलं तर सिमेंट. मागची भिंत. म्हणजे मी त्याच्या आरपार —

अन् तो बोलूनच राहिला. थांबू नको बाबू, म्हणते, आता भिंत खर