ताउ मोरेनाचं पोट

३ जून, मंगळवार

नवे भाग हातात आले. ताउ मोरेना कोमात जाणार. अठरा वर्षं मी 'मोरेना हाउस' मालिकेत ताउ आहे. अख्खं सोवेतो मला रस्त्यात ताउ म्हणूनच हाक मारतं. आणि काल मिसरूड फुटलेल्या लेखकाने मला पलंगावर आडवं केलं! गाढवाला गुळाची चव काय. पण मी चिडलो नाही. नुसतं पडून अभिनय करणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे.

घरी आलो तर कळलं, आमच्या मुलीचं, पुलेंगचं लोबोला, म्हणजे वधूमूल्य ठरवायची बैठक, ठरलंय. २८ तारखेला मुलाकडचे काका-मामा गाईंची बोलणी करायला येणार. मी लगेच जाहीर केलं, मधल्या खुर्चीत मी बसणार. बायको म्हणाली, मुलीचा बाप त्या खोलीत बसत नसतो, एवढं तरी ठाऊक असू द्या. बोलणी म्हणे माझा भाऊ मोलेफी करणार.

मोलेफी अंत्यविधीचा विमा विकतो. कुणी मेल्याशिवाय याला कुणी घरात घेत नाही. मी बायकोला सांगितलं, ताउने चार मुली उजवल्या, चारही वेळा मधल्या खुर्चीत बसून, हातात काठी घेऊन. सगळा देश रडला. ती म्हणाली, देश आपल्याकडे जेवायला येणार नाहीये. हिला कला कळत नाही.

संकल्प: लग्न होईपर्यंत रोज सकाळी पुलेंगशी अर्धा तास बोलायचं.

४ जून

आज जमलं नाही. पहाटेचं शूटिंग. ती झोपली होती.

८ जून, रविवार

जावयाला बघायला पुलेंगबरोबर मॉलमध्ये जेवायला गेलो. नाव कात्लेहो. दातांचा डॉक्टर. लोकांच्या तोंडात बघून पोट भरणारा माणूस. आल्या आल्या विचारतो, बाबा, तुम्ही काय काम करता? घरात टीव्हीच नाही म्हणे! अशा घरात मुलगी द्यायची म्हणजे विहिरीत ढकलणं.

मी उत्तर देणार तेवढ्यात एका बाईने माझी बाही धरली. म्हणाली, ताउ, दुसऱ्या बायकोला थंडीत घराबाहेर काढताना लाज नाही वाटली? मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मोठ्या माणसाला ऐकून घ्यावं लागतं. मग तिने तिच्या मुलाचं गाऱ्हाणं सांगितलं. नोकरी धरत नाही, आईशी बोलत नाही. मी तिला समजावलं की मुलांना फक्त बापाचा वेळ हवा असतो. बाई रडली. मलाही भरून आलं.

परत आलो तर टेबल रिकामं. पुलेंग आणि तो जेवून निघून गेले होते. आजकालच्या पोरांना धीर म्हणून नाही.

१८ जून, बुधवार

कोमाचं शूटिंग. ताउची मुलं पलंगाभोवती हुंदके देत होती. सगळी भाड्याची आसवं. थोरल्याला तर कांदा लावूनही रडू येईना.

पांघरुणाखालीसुद्धा मी पोट बांधून घेतलं. मी मुळात काडीपैलवान. पण ताउ म्हणजे टॅक्सींचा मालक, शेठ माणूस, त्याला पोट हवंच. पहिल्या दिवशी कपडेपटातल्या मा-रोझने स्पंजचं पोट पट्ट्याने आवळलं, ते आजतागायत. म्हणाली, कोमात कशाला हवं? मी म्हणालो, माणूस बेशुद्ध झाला म्हणून बारीक होतो का? हिला काम करून इतकी वर्षं झाली, अक्कल शून्य.

पट्टा सोडताना ती म्हणाली, परवा तुमच्या मुलीचा फोन होता, ताउच्या कपड्यांची मापं विचारत होती. मी विचारलं, कुठल्या मुलीचा? म्हणाली, खऱ्या.

मी ओळखलं. पुलेंगला आठवण म्हणून ताउचा एखादा पोशाख हवाय. वरवर कोरडी दाखवते, आतून माझी चाहती आहे.

२३ जून, सोमवार

आज ताउ गेला, रात्री टीव्हीवर दाखवलंही. दिग्दर्शक म्हणाला, मालिकेला ताजी हवा हवी. त्याचा स्वतःचा शर्ट धुतलेला नव्हता.

काळजीचं कारण नाही. ताउला जुळा भाऊ असणार. लेखकाला अजून सुचलं नसेल, मी सुचवून आलो. तो म्हणाला, बघू.

संकल्प: शनिवारी घरच्या बोलण्यांत सगळ्यांना दाखवून द्यायचं, बाप म्हणजे काय चीज असते.

२८ जून, शनिवार. रात्री

थंडीने हाडं गोठत होती. मुलाकडचे पाच जण फाटकाबाहेर उभे राहून आपल्या कुळाचे गोडवे गात होते. आत मोलेफी आरामात चहा पीत बसलेला. म्हणे, त्यांना ताटकळू द्यायचं असतं, त्यातच मुलीची किंमत आहे. विमेवाल्याचा विनोद! ताउने पाहुण्यांना कधी ताटकळवलं नाही. मी उठलो, काठी घेतली आणि स्वतः फाटक उघडलं.

पाचही जण बघत राहिले. मग एकच कल्ला. ताउ मोरेना! एकाने गळ्यात हात टाकून फोटो काढला. दुसरा म्हणाला, सोमवारी तर मेला होतात. सर्वांत म्हाताऱ्या काकाने विचारलं, मुलीचा बाप कोणता? मी छाती काढून म्हणालो, मीच.

म्हातारा लबाड. लगेच म्हणाला, बाप स्वतः धावत येऊन फाटक उघडतो, म्हणजे मुलगी घालवायची घाई दिसते. मग दोन गाई कमी करू.

मोलेफी चहा टाकून धावत आला. हात जोडून म्हणाला, छे छे, हा बाप कुठला, हा नट आहे, तुमच्या करमणुकीसाठी बोलावलाय. बाप रीतीप्रमाणे मागच्या खोलीत आहे.

मी बायकोकडे पाहिलं. ती पाहुण्यांसाठी भाजलेल्या स्कोन-पावांच्या बादलीकडे बघत राहिली.

सगळे आत बसल्यावर पुलेंगला बोलावलं. पाहुण्यांना ओळखतेस का, असं मुलीला विचारायची रीतच आहे. तिने हो म्हटलं. म्हाताऱ्याने काठी माझ्याकडे रोखून विचारलं, आणि यांना ओळखतेस?

पुलेंगने माझ्या हातातल्या काठीकडे पाहिलं. मग म्हणाली, यांना कोण ओळखत नाही?

सगळे हसले. गाई वाचल्या. चतुर पोरगी, माझ्यावर गेली आहे. अख्ख्या खोलीसमोर माझं एवढं कौतुक तिने कधीच केलं नव्हतं. आनंदच झाला असं मी स्वतःला सांगितलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसलो. दुपारी बायकांनी आनंदाने किलकाऱ्या मारल्या त्या मला भिंतीतून ऐकू आल्या.

संध्याकाळी मोलेफी मुलाकडून बापाला आलेला मान घेऊन आला. टोपी आणि लोकरी कोट. खांदे बरोबर, पण मध्ये आणखी एक माणूस मावेल. मी म्हणालो, दातवाल्याला मापही घेता येत नाही. दारात पुलेंग उभी होती. म्हणाली, माप मीच दिलं. घरात कुणालाच तुमचं माप ठाऊक नव्हतं, आईलाही नाही. तुम्ही आम्ही उठायच्या आत जाता, झोपल्यावर येता. मी तुम्हाला नीट पाहिलंय ते टीव्हीवरच. म्हणून मा-रोझना फोन केला.

मी म्हणालो, ते पोट खोटं असतं. ती म्हणाली, मला माहीत नव्हतं, बाबा.

एवढं मोठं घर आणि एकालाही माझं पोट माहीत नाही. वाईट वाटलं. लिहून ठेवतो, वाईट वाटलं.

५ जुलै, शनिवार

कोट शिंप्याकडे टाकायचा नाही असं ठरवलं. मुलाकडच्यांचा मान आहे, कापणं बरं दिसणार नाही. त्यापेक्षा लग्नाच्या दिवसापुरतं पोट आणावं. मा-रोझला फोन केला. म्हणाली, ते आता ताउच्या दुसऱ्या बायकोला बांधतात, तिला दिवस गेलेत. जुळ्या भावाचं विचारलं. म्हणाली, कुठला भाऊ?

सोफ्यावरची उशी बायकोच्या शालीने पोटाला बांधली. वर कोट चढवला. झकास बसला. आरशासमोर उभा होतो तेवढ्यात पुलेंग चहा घेऊन आली. बराच वेळ बघत राहिली. मग कॉलर नीट केली आणि म्हणाली, आता बाबांसारखे दिसता.

चेष्टा होती का, विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चहा गार झालाय. उशी अजून सोडलेली नाही.