आश्रमात सगळे खाकरतात

सौ. आशाबाई यांना,

अमरावतीहून तुमच्या सुभद्रावहिनीचा नमस्कार. तुमच्या कमरेचा पट्टा सुटला का? भाऊजींची साखर उतरली, की अजून चोरून पेढा खातात? आचलचा ताप गेला ना? तुमची गाय व्यायला झाली होती, तिचंही कळवा. तुमची पातूरची पत्रं माणसांचंच सांगतात. माझं म्हणाल तर दात सोडून सगळं ठिकाणावर आहे.

आता ऐका. वृद्धाश्रमात माझ्या शेजारच्या खोलीत वामनराव असायचे, संत्र्याची बाग करून थकलेले. मी त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होते (भरदुपारी, दोघंही पुरत्या कपड्यात), तेवढ्यात हर्षा, आमची सेवेकरीण पोरगी, चादर बदलायला एकदम आत आली आणि किंचाळली. साप निघाला तेव्हाही ती एवढी ओरडली नव्हती. मॅनेजरनं त्याच दिवशी वामनरावांना वरच्या मजल्यावर नेलं. गुडघ्याचा माणूस वर आणि तेलाची बाटली खाली! ना त्यांना उतरवत, ना मला चढवत. त्यांना खाली कसं आणावं, एवढाच आता जिवाला घोर.

किंचाळीचा बोभाटा आश्रम चालवणाऱ्या मंडळापर्यंत गेला. मंडळानं अकोल्याहून रश्मीताई बोलावल्या, कामाच्या माणसांना शिकवायला, की म्हाताऱ्यांनाही ओढ असते, अंगाला अंग लागावंसं वाटतं, आणि ते काही दुखणं नव्हे. आम्ही मागे बसलो होतो (चहा मिळणार होता). त्यांनी विचारलं, हे सारं कोणत्या वयात संपतं? हर्षा म्हणाली, "नातू झाला का संपते!" मग ताईंनी आमच्याकडे पाहिलं, तर सगळे म्हातारे पंख्याकडे पाहू लागले. शेवटी मीच उठले. म्हटलं, "कापसाची येचणी झाल्यावर पऱ्हाटी फरदडीले, दुसऱ्या बहाराले, उभी ठेवली, तर उन्हाच्या तोंडीही बोंड फुटते. त्याले कोणी रागावते काय?" मॅनेजर शेतकऱ्याचंच पोर. म्हणे, "फरदडीनं बोंडअळी येते, मावशी!" सारे हसले. मीही हसले, पण हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

ताईंनी बजावलं, दार वाजवल्याशिवाय कोणाच्या खोलीत जायचं नाही. पण आमच्या खोल्यांना पडदे. पडदा वाजवायचा कसा? मी सुचवलं, तुमचे बाबा (माझे मामंजी) ओसरीवरून खाकरत यायचे आणि आम्ही सुना पदर सावरायचो, तसं करा. झालं! दुसऱ्या दिवसापासून आश्रमात नुसती खाकराखाकर. हर्षा तर तीन पडदे आधीपासून सुरू होते. गुरुवारी तपासणीला आलेल्या डॉक्टरांना वाटलं, साथ आली. सगळ्या कामवाल्यांना खोकल्याचं औषध पाजलं आणि तोंडाला मास्क बांधायला लावला. आता मास्कमधून खाकरलेलं आम्हा बहिऱ्यांना ऐकू येत नाही, ते वेगळंच.

पण हर्षा बदलली हो. काल तिनं मला हाताला धरून एकेक पायरी वर नेलं आणि स्वतः पडद्याबाहेर पाठ करून बसली. वामनराव तासभर माझी बोटं धरून बसले.

बाकी सर्व ठीक.

तुमची,
सुभद्रा

ता. क. तेलाचा त्या गुडघ्याला काडीचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं. आम्ही दोघांनीही ते ऐकलं नाही. तुमच्यापासून काय लपवू?

दुसरा ता. क. मॅनेजर म्हणतो, खालची एक खोली दोघांना देतो, पण दोन्हीकडून घरच्या एकाची संमतीची चिठ्ठी आणा. त्यांच्या लेकीनं दिली. आपल्या जीवननं मात्र "आई, लोक काय म्हणतील" म्हणून फोन ठेवला. लेकानंतर माझ्या घरचं माणूस म्हणजे तुम्हीच. ज्या भावाची मी बायको, त्याच्याच बहिणीला ही चिठ्ठी मागते आहे. तुमच्या भावाचा फोटो मी भिंतीवरून काढणार नाही. वामनरावांनीच विचारलं, शेजारी आमच्या हिचा लावला तर चालेल का? बाई, हो लिहा की नाही लिहा, पण लवकर लिहा. वामनराव एक्याऐंशीचे आहेत.