कुलपातली वेटिंग रूम

३ ऑक्टोबर १९३४
मोठे साहेब तपासणीला येणार! स्टेशनचा इतिहास आणि सोयींची यादी लिहून ठेवा, असा स्टेशनमास्तर म्हणून ह्यांना हुकूम आलाय. साहेब खूश झाले तर नाशिक रोडला बदली. देवा, होऊ दे रे! तिथे बोलायला चार बायका तरी असतील. इथे मी आणि सिग्नल.

५ ऑक्टोबर
इतिहास तयार. इंजिनाला पाणी लागतं, इथे विहीर होती, म्हणून स्टेशन झालं. इंजिनाला टाकी मिळाली, माणसांना अजून रांजण! "असलं लिहायचं नसतं," हे म्हणाले.

सोयींत पहिला मान बायकांच्या वेटिंग रूमचा. आरामखुर्ची, आरसा, काथ्याची नवी चटई. पण फक्त फर्स्ट-सेकंडच्या बायकांसाठी, आणि तशी बाई इथे सहा वर्षांत फिरकलेली नाही. म्हणून तर खोली इतकी स्वच्छ! किल्ली ह्यांच्या जानव्याला.

६ ऑक्टोबर
नवसाबाई रोज सकाळच्या पॅसेंजरने झेंडूच्या पाट्या नाशिकला नेते. दिवस भरत आलेत, तरी उन्हात फलाटावर फतकल मारून बसते. ह्यांना म्हटलं, खोली उघडा की तिला.
"तिचं तिकीट थर्डचं आहे."
आणि पोटातल्याचं? — ते नियमांच्या पुस्तकात नसेल.

९ ऑक्टोबर


गाडीला अवकाश होता आणि नवसाबाई पाट्यांवरच कोसळली. "मास्तरीणबाई, मला नाय उठवत वो!" भोवती पंचवीस पुरुष, नुसते बघत उभे. मी ह्यांच्याकडे धावले — किल्ली द्या! "अगं, नियम..."

डोकंच फिरलं माझं. डब्यातले पैसे आणले आणि तिकिटाच्या खिडकीत आपटले. "देवळाली, सेकंड क्लास, एक."
"कोणाला?"
"मला. आणि ही माझी मोलकरीण."
सेकंडच्या बाईबरोबर तिची मोलकरीण खोलीत बसू शकते. ह्यांनीच एकदा जेवताना वाचून दाखवलं होतं — आमच्या संसारातल्या गोड गप्पा ह्या अशा! ह्यांनी तिकिटावर तारीख उठवली, रजिस्टरात "सेकंड क्लासची एक बाई, सोबत मोलकरीण" अशी नोंद केली, शाई टिपली, आणि मग कुठे किल्ली सोडली.

पॉइंट्समन रहेमानची बायको खातूनबी सुईणपण करते, ती पळत आली. "दरवाजा लगाव, पानी गरम करो!" पाणी इंजिनाच्या टाकीतलं.

मुलगी झाली! बाळंतीण आरामखुर्चीत बसली, काय शोभत होती! चटईचं मात्र मातेरं झालं.

१२ ऑक्टोबर
साहेब आले. इतिहासाकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ चटईपाशी. मग रजिस्टर. सेकंडचं तिकीट देवळालीला जमा झालेलं नाही, म्हणजे ही बाई प्रवासाला गेलीच नाही! रेल्वेची फसवणूक! खटला भरणार म्हणाले. "बाईचं नाव उद्यापर्यंत लेखी पाठवा."

ह्यांनी जन्मात एक खोटं अक्षर लिहिलेलं नाही. आता माझंच नाव जाणार. फार भीती वाटतेय.

१३ ऑक्टोबर
ह्यांचं उत्तर टपालात जाण्याआधी चोरून वाचलं. "बाई कोणी नव्हती. नोंद मी खोटी केली. खोली नियम मोडून मीच उघडली."
नाशिक रोड गेलं. रडू आलं, पण त्यासाठी नाही.